तासाची उसनवारी

मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजायला आले की अमेरिकेच्या बहुतेक भागांत घड्याळ दोनवर न थांबता तीनवर जाते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आगेमागे, त्याच घड्याळात पहाटेचा एक ते दोन हा तास दोनदा येतो. युरोपातही हेच घडते, फक्त तिथे मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार ठरलेला आहे. सरकारच्या दृष्टीने हे एका अधिनियमातले एक कलम आहे. घरातल्या माणसाच्या दृष्टीने ते खोल्याखोल्यांतून फिरत, स्टुलावर चढत, बटणे दाबत पार पाडायचे काम आहे. वर्षातून दोनदा उरकायचा हा खटाटोप इतका अंगवळणी पडला आहे, की त्याची किंमत कोणी काढत नाही. घड्याळ पुढे नेऊन मिळणाऱ्या या ‘उन्हाळी वेळे’चा फायदा वीज कंपन्यांच्या आकड्यांत मोजला गेला आणि तोटा घराघरांत किरकोळ सुट्या नाण्यांसारखा वाटला गेला. त्यामुळे हिशेब नेहमी फायद्याचाच दिसत आला. तो नीट मांडला तर घड्याळ मागेपुढे करण्याची पद्धत बंद करण्याखेरीज आणि वर्षभर साध्या प्रमाणवेळेवर राहण्याखेरीज दुसरा निष्कर्ष निघत नाही, असे मला वाटते.

सुरुवात घरापासून करू. अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरात स्वयंपाकघरातच दोन-तीन घड्याळे असतात: ओव्हनवर एक, मायक्रोवेव्हवर एक, कॉफीच्या यंत्रावर आणखी एक. तिन्ही लावायची रीत वेगळी. एकात ‘क्लॉक’चे बटण दाबून आकडे टाकायचे, दुसऱ्यात तेच बटण तीन सेकंद दाबून धरायचे, तिसऱ्यात तासाचे आणि मिनिटांचे बटण वेगळे. उशाजवळच्या जुन्या अंकी घड्याळांची तऱ्हा तर पाहण्यासारखी आहे. त्यांतल्या बऱ्याच घड्याळांत तास फक्त पुढे सरकतो, मागे येत नाही. मार्चमध्ये बटण एकदा दाबले की काम झाले. नोव्हेंबरमध्ये एक तास मागे यायचे तर तेवीस वेळा दाबावे लागते. बोट जरा जास्त वेळ राहिले आणि हवा तो आकडा निसटला, की पुन्हा चोवीस तासांची प्रदक्षिणा. सकाळ-संध्याकाळ दाखवणारा बारीक ठिपका पाहायचा राहिला, तर गजर सकाळी सहाऐवजी संध्याकाळी सहाला वाजतो. शिवाय भिंतीवरची घड्याळे, बागेला पाणी देणाऱ्या यंत्राचा टायमर, खोली गरम-थंड ठेवणाऱ्या थर्मोस्टॅटचे वेळापत्रक. मोटारीतले घड्याळ पाच पायऱ्यांच्या मेन्यूत दडलेले असते, म्हणून अनेक जण त्याच्या नादी लागत नाहीत. ते घड्याळ सहा महिने खरे आणि सहा महिने खोटे चालते, आणि मालक मनातल्या मनात एक तास वजा करत गाडी हाकतो.

टोल्यांच्या जुन्या घड्याळांची गोष्ट आणखी नाजूक आहे. ज्या घड्याळात टोल्यांची संख्या खाचा पाडलेल्या चाकावर ठरते, त्यात काटा घाईने पुढे ढकलून एखादा टोला चुकवला तर काटे चार दाखवतात आणि टोले तीनच पडतात. पुष्कळशा जुन्या घड्याळांत काटा उलटा फिरवला तर आतली यंत्रणा दुखावते. त्यामुळे जाणकार माणूस नोव्हेंबरमध्ये लंबक थांबवतो, तासभर वाट पाहतो आणि मग तो पुन्हा हलवतो. ते जमत नसेल तर काटा अकरा तास पुढे न्यायचा आणि वाटेतला प्रत्येक टोला पूर्ण वाजू द्यायचा. इंग्लंडच्या विंडसर राजवाड्यात अशी सुमारे ४०० घड्याळे आहेत. ती बदलण्यासाठी तिथे पगारी घड्याळतज्ज्ञ असतो आणि त्याचा शनिवार-रविवार त्यातच जातो. सामान्य घराला असा माणूस परवडत नाही. तिथे हे काम ज्याच्या लक्षात राहते त्याच्या गळ्यात पडते.

या यादीत एक यंत्र असे आहे की त्याच्या बाबतीत ‘कटकट’ हा शब्द अपुरा पडतो. मधुमेहाचे अनेक रुग्ण इन्शुलिन पंप वापरतात. शरीराला कोणत्या तासाला किती इन्शुलिन लागेल, याचा आराखडा त्यात भरलेला असतो आणि तो पंपाच्या आतल्या घड्याळावर चालतो. यांतल्या बऱ्याच पंपांचे घड्याळ रुग्णाने स्वतःच्या हाताने बदलावे लागते. ते राहून गेले तर पहाटेचा डोस एक तास उशिरा किंवा लवकर पडू लागतो, आणि सकाळ-संध्याकाळ उलटी लागली तर दिवसाचा डोस रात्री जातो. रुग्णालयांचीही अडचण आहे. नोव्हेंबरमधल्या त्या रात्री ‘१ वाजून २० मिनिटे’ ही वेळ दोनदा येते, तेव्हा नोंदींतली कुठली आधीची आणि कुठली नंतरची हे संगणकाला सांगता येत नाही. म्हणून काही ठिकाणी तेवढा तास कागदावर नोंदी करतात. रात्रपाळीच्या परिचारिकेची पाळी एका तासाने लांबते. अमेरिकेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या त्या रात्री एखाद्या स्थानकात तासभर नुसत्या उभ्या राहतात, कारण पुढे गेल्या तर वेळेआधी पोहोचतील.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आता फोन, संगणक, दूरचित्रवाणी संच सगळे आपोआप बदलते, मग तक्रार कशाची? आक्षेप अर्धा खरा आहे. फोनची वेळ नेटवर्कवरून येते. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सहून ६० किलोहर्ट्‌झवर आणि जर्मनीत फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून ७७.५ किलोहर्ट्‌झवर वेळेचा रेडिओ संदेश अखंड जातो आणि तो ऐकणारी घड्याळे स्वतःला लावून घेतात. पण घरातली सगळीच यंत्रे एका पिढीची नसतात. ओव्हन पंधरा-वीस वर्षे टिकतो, भिंतीवरचे घड्याळ त्याहून जास्त. त्यातून अर्धी घड्याळे आपोआप बदलणारी आणि अर्धी हाताने लावायची अशी मिसळ झाली, की त्या रविवारी सकाळी खरे कुणाचे हे आधी ठरवावे लागते. शिवाय आपोआप बदलणारे यंत्र कायद्याच्या भरवशावर चालते, आणि कायदा बदलतो. २००५ साली अमेरिकी काँग्रेसने उन्हाळी वेळेचा काळ वाढवला आणि २००७ पासून नव्या तारखा लागू झाल्या. त्याआधी विकल्या गेलेल्या अनेक घड्याळांत आणि चित्रमुद्रण यंत्रांत जुन्या तारखा कारखान्यातच भरलेल्या होत्या. मालकाने मार्चमध्ये घड्याळ हाताने पुढे केले, तर एप्रिलच्या पहिल्या रविवारी ते आपण होऊन आणखी एक तास पुढे गेले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते आपण होऊन मागे आले आणि आठवड्याने पुन्हा हाताने लावण्याची वेळ आली. कष्ट वाचवायला घेतलेले घड्याळ वर्षातून दोनदाऐवजी चारदा दुरुस्त करावे लागले.

दुसरा आक्षेप, की एका घराची दहा मिनिटे ती काय! अमेरिकेत ढोबळमानाने १३ कोटी घरे आहेत. घरटी एका वेळेला दहा मिनिटे धरली, तर वर्षाकाठी ४ कोटी ३० लाखांहून अधिक तास होतात. एक माणूस वर्षाला २,००० तास काम करतो असे धरले, तर हे २१ हजारांहून अधिक माणसांचे पूर्ण वर्षाचे काम आहे. दहा मिनिटे हा माझा अंदाज आहे. ती पाच धरली तरी साडेदहा हजार माणसे उरतातच. एवढे मनुष्यबळ एखाद्या सरकारी खात्यात खर्ची पडले असते, तर त्यातून मिळाले काय हे संसदेत विचारले गेले असते. घरात खर्ची पडते म्हणून ते कुणी विचारत नाही.

मिळते काय, हे पाहण्यासाठी ही कल्पना आली कुठून ते बघावे लागेल. बेंजामिन फ्रँकलिनचे नाव घेतले जाते, पण त्याने १७८४ साली पॅरिसच्या वृत्तपत्राला लिहिलेले पत्र विनोदी होते. लवकर उठा, मेणबत्त्या वाचतील, एवढाच त्याचा सूर होता. घड्याळाला हात लावण्याची गोष्ट त्यात नाही. न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसनने १८९५ मध्ये दोन तासांच्या बदलाची सूचना केली. हडसन टपाल खात्यात नोकरीला होता आणि कामावरून सुटल्यावर कीटक गोळा करायला त्याला उजेड हवा होता. लंडनचा बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट याने १९०७ मध्ये पुस्तिका काढली. एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटे, असे ८० मिनिटे घड्याळ पुढे न्यायचे, असा त्याचा मूळ बेत होता. तो अमलात आला असता तर घरोघरी वर्षाला आठ वेळा घड्याळे लावावी लागली असती! ब्रिटिश संसदेने त्याला दाद दिली नाही आणि १९१५ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १९१६ रोजी, कोळसा वाचवण्यासाठी जर्मनीने युद्धकाळात ही पद्धत आणली आणि तीन आठवड्यांत ब्रिटनने तिचे अनुकरण केले. अमेरिका १९१८ मध्ये आली आणि १९१९ मध्ये बाहेर पडली, कारण शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. शेतकऱ्यांच्या सोयीसाठी ही वेळ आणली, असा समज आजही ऐकू येतो. इतिहास नेमका उलट आहे. गायीला घड्याळ कळत नाही, आणि दव सुकल्याशिवाय गवत कापता येत नाही. मजूर मात्र घड्याळाप्रमाणे संध्याकाळी निघून जायचे.

त्या काळी विजेचा मोठा वापर दिव्यांसाठी होता, म्हणून संध्याकाळचा उजेड वाढला की वीज वाचेल हा तर्क पटण्यासारखा होता. आज घरात सर्वांत जास्त ऊर्जा खातात ती वातानुकूलन आणि तापवण्याची यंत्रे. इंडियाना राज्याने याचा पुरावा जणू प्रयोगशाळेत मिळावा तसा दिला. तिथल्या बऱ्याच जिल्ह्यांत २००६ पर्यंत उन्हाळी वेळ नव्हती. त्या वर्षी ती राज्यभर लागू झाली. मॅथ्यू कॉचन आणि लॉरा ग्रँट या अर्थशास्त्रज्ञांनी आधीची व नंतरची घरगुती वीजबिले ताडून पाहिली. घरांचा वीजवापर घटण्याऐवजी सुमारे एक टक्क्याने वाढला होता आणि घरांवर वर्षाला सुमारे ९० लाख डॉलरचा बोजा पडला होता. दिव्यांवर वाचले ते थंडाव्यावर आणि उबेवर गेले. याउलट निष्कर्षही आहे, तो लपवू नये. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००८ मध्ये वाढीव उन्हाळी वेळेचा हिशेब केला, तेव्हा त्या दिवसांत रोज सुमारे अर्धा टक्का वीज वाचल्याचे आढळले. पण वर्षाच्या एकूण वापराशी ताडले तर ती बचत ०.०३ टक्के भरते. ऑस्ट्रेलियात सिडनी ऑलिंपिकच्या वर्षी, २००० साली, काही राज्यांत उन्हाळी वेळ लवकर सुरू केली होती. त्या बदलाच्या अभ्यासातही बचत सापडली नाही. ज्या कारणासाठी कोट्यवधी घरांना कामाला लावले, ते कारण इतके पातळ असेल तर ती योजना चालू ठेवण्याची जबाबदारी तिच्या समर्थकांवर येते.

भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटांत लागते; शरीराचे लागत नाही. सकाळच्या उजेडावर चालणारे आतले घड्याळ आदेशाने एक तास पुढे जात नाही, त्याला काही दिवस लागतात. स्वीडनमध्ये यान्स्की आणि ल्युंग यांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की वसंतातल्या बदलानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण सुमारे पाच टक्क्यांनी वाढते. मिशिगनमधल्या एका अभ्यासात सोमवारची वाढ २४ टक्के निघाली, पण पूर्ण आठवड्याची बेरीज नेहमीएवढीच राहिली. याचा अर्थ असा, की निदान तिथे तरी जे झटके पुढच्या दिवसांत आले असते ते आधी आले. हा बारकावा सांगितलाच पाहिजे. नुसता २४ चा आकडा फेकणारे लोक आपलीच बाजू कमकुवत करतात. अमेरिकेत प्राणघातक वाहन-अपघात त्या आठवड्यात सुमारे सहा टक्क्यांनी वाढतात, असे २०२० च्या एका अभ्यासात आले आहे. खाणकामगार त्या सोमवारी सरासरी ४० मिनिटे कमी झोपून कामावर येतात आणि त्यांच्या दुखापती वाढतात, हेही नोंदले गेले आहे. शरद ऋतूत तास परत मिळतो तेव्हा या नुकसानीची तशीच भरपाई होत नाही.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटेल, पण तितके ते परके नाही. न्यूयॉर्कच्या आणि आपल्या वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर असते, हिवाळ्यात साडेदहा. नाशिकला आईला रोज ठरावीक वेळी फोन करणाऱ्या मुलीने एकदा घड्याळ बदलले, की आईच्या जेवणाची किंवा पूजेची वेळ मध्ये येते. लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त स्थानिक सूर्यास्तावरून काढायचा तर पंचांगातली वेळ कुठली, उन्हाळी की प्रमाण, हे आधी पाहावे लागते. हिंजवडीतल्या कंपनीत अमेरिका आणि जर्मनी दोघांशी एकत्र बैठक असेल, तर मार्चमध्ये दोन-तीन आठवडे अमेरिका बदललेली आणि युरोप न बदललेला अशी ओढाताण होते. घड्याळाला हात न लावताही पुण्यातले रात्रीचे जेवण एक तास सरकते. आणि आपल्याकडेही हा प्रयोग झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात भारताची घड्याळे एक तास पुढे होती. त्या वर्षांत जन्मलेल्यांची पत्रिका मांडताना ज्योतिषी नोंदलेल्या वेळेतून आजही एक तास वजा करतात. मुंबईने तर त्याआधीच घड्याळावरून भांडण मांडले होते. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा शहराची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. त्या महिन्यात गिरणी कामगारांनी निदर्शने केली आणि नगरपालिकेने ‘मुंबई टाइम’ पुढे कित्येक दशके जपला. उजाडण्याआधी भोंगा वाजणार, ही कामगाराची तक्रार होती. साहेबाच्या घड्याळापायी आपली झोप जाते, हे त्याला संशोधनाशिवाय कळले होते.

आपल्याला उन्हाळी वेळ लागत नाही याचे कारण अक्षांशात आहे. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. लंडनमध्ये हाच फरक जवळजवळ नऊ तासांचा आहे. जूनमध्ये तिथे पहाटे पावणेचारला उजाडेल तेव्हा सारे झोपलेले असतील, ही विलेटची खंत खोटी नव्हती. प्रश्न उपायाचा आहे. विदर्भातल्या शाळा कडक उन्हाळ्यात सकाळच्या सत्रात भरतात. मुले लवकर येतात, ऊन चढण्याआधी घरी जातात, आणि त्यासाठी कुणाच्या भिंतीवरचे घड्याळ हलवावे लागत नाही. ज्याला गरज आहे तो आपले वेळापत्रक बदलतो. यावर म्हटले जाते, की सगळ्यांनी एकदम बदलले तरच शाळा, कचेऱ्या आणि गाड्या जुळतात, आणि ते फक्त घड्याळच करू शकते. १९१६ साली, कारखान्याच्या एका भोंग्यावर शहर उठत असताना, यात तथ्य होते. आज घरून काम करणारे, पाळ्यांत काम करणारे, रात्रभर उघडी दुकाने चालवणारे यांच्या वेळा आधीच शंभर प्रकारच्या आहेत.

संध्याकाळच्या उजेडाची ओढ मात्र खरी आहे, तिला कमी लेखता येणार नाही. कामावरून आल्यावर मुलांबरोबर मैदानावर तासभर मिळणे ही मोठी गोष्ट आहे. जेनिफर डोलेक आणि निकोलस सँडर्स यांना वसंतातल्या बदलानंतर लुटीचे गुन्हे सुमारे सात टक्क्यांनी घटलेले आढळले. विरुद्ध बाजूचा हा सर्वांत वजनदार पुरावा आहे. तरी तो घड्याळ वर्षातून दोनदा बदलण्याची बाजू घेत नाही. तो संध्याकाळी उजेड असण्याची बाजू घेतो, आणि म्हणूनच त्यातून बरेच जण पुढची मागणी करतात, की उन्हाळी वेळच कायमची करा. अमेरिकी सिनेटने मार्च २०२२ मध्ये तसे विधेयक एकमताने मंजूरही केले. प्रतिनिधिगृहात ते अडले. अडले हे बरे झाले, कारण हा प्रयोग तीन मोठ्या देशांनी करून पाहिला आहे. ब्रिटनने १९६८ मध्ये वर्षभर पुढची वेळ ठेवली आणि १९७१ मध्ये ती सोडली. अमेरिकेने तेलसंकटात ६ जानेवारी १९७४ पासून ती लागू केली. त्याआधीच्या डिसेंबरमध्ये ७९ टक्के लोकांचा पाठिंबा होता, तो फेब्रुवारीत ४२ टक्क्यांवर आला, कारण मुले काळोखात शाळेच्या बसची वाट पाहू लागली. त्याच वर्षी हिवाळ्यापुरता कायदा मागे घेतला गेला. रशियाने २०११ मध्ये कायमची उन्हाळी वेळ स्वीकारली आणि २०१४ मध्ये कायमच्या हिवाळी वेळेकडे वळला. डेट्रॉइटमध्ये कायमची उन्हाळी वेळ आली, तर जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सकाळी नऊच्या सुमारास उगवेल. संध्याकाळी मिळणारा तास सकाळच्या खिशातून निघतो, आणि शरीराला नेमका सकाळचाच उजेड लागतो. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या संघटनेने २०२० मध्ये वर्षभर प्रमाणवेळ ठेवण्याची भूमिका घेतली, ती याच कारणाने.

घड्याळ बदलण्याच्या दिवसाचा एक उपयोग सांगितला जातो. अमेरिकेचे अग्निशमन प्रमुख १९८० च्या दशकापासून सांगत आले आहेत, की घड्याळ बदलाल त्या दिवशी धुराची सूचना देणाऱ्या यंत्राची बॅटरीही बदला. मोहीम चांगली आहे, तिने जीव वाचले असतील. पण आता दहा वर्षे टिकणाऱ्या बंद बॅटरीची यंत्रे मिळतात, आणि आठवणीसाठी वर्षातले कोणतेही दोन दिवस चालतील. सामान्य माणसाचे मत काय, हे युरोपने २०१८ मध्ये विचारले. ४६ लाख लोकांनी उत्तरे पाठवली, त्यांतल्या ८४ टक्क्यांनी बदल बंद करा असे सांगितले. उत्तरे देणाऱ्यांत जर्मनांचा भरणा फार मोठा होता, म्हणून ते सार्वमत मानता येणार नाही. तरीही युरोपीय संसदेने मार्च २०१९ मध्ये ४१० विरुद्ध १९२ मतांनी पद्धत बंद करण्याचा कौल दिला. कोणती वेळ कायम ठेवायची यावर सदस्य देशांचे एकमत झाले नाही आणि ठरलेले २०२१ साल निघून गेले. मेक्सिकोने वाट न पाहता २०२२ मध्ये, सीमेवरची काही गावे वगळता, ही पद्धत बंद केली.

अमेरिकेत अडथळा एकाच दिशेला आहे. १९६६ च्या समान वेळ कायद्यानुसार कायमची उन्हाळी वेळ स्वीकारण्यासाठी राज्याला काँग्रेसची परवानगी लागते. डझनभराहून अधिक राज्यांनी तसे ठराव करून ठेवले आहेत आणि ते धूळ खात आहेत. पण वर्षभर प्रमाणवेळेवर राहायचे असेल तर त्याच कायद्यात राज्याला मोकळीक आहे; काँग्रेसकडे जावेच लागत नाही, राज्याच्या विधिमंडळाचा ठराव पुरतो. हवाईने ही मोकळीक १९६७ मध्ये घेतली. अ‍ॅरिझोनाने एक उन्हाळा नवी वेळ वापरून पाहिली. तिथल्या उन्हात सूर्य उशिरा मावळावा असे कुणालाच वाटत नव्हते, म्हणून १९६८ मध्ये त्या राज्यानेही ती सोडली. नॅव्हाहो आदिवासींचा प्रदेश वगळता तिथल्या घरांत आजवर मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये कुणी स्टुलावर चढलेले नाही.